सांडव्यावरची पोती

हस्त नक्षत्र लागायला आलं की माझं जेवण कमी होतं. घरच्यांना आता त्याची सवय झालीय. भाकरी ताटात तशीच आणि कान पत्र्यावर. पाऊस रिमझिम असला तरी मला तो वाढल्यासारखाच ऐकू येतो, आणि थांबला तर का थांबला म्हणून दाराशी जाऊन आभाळ बघते. आमचे हे म्हणतात, "अगं, जेव की बये. पाऊस काय तुला इचारून पडनार हाय व्हय?" ते खरंच आहे. पण भीतीला असलं काही समजावता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! मी मुळातच भित्री. माझं माहेर युसूफ वडगाव. तिथल्या बाजारात आईचा पदर हातातून सुटला तरी मी असा काही सूर लावायची की भाजीवाल्या बाया तराजू खाली ठेवून बघायच्या.

आणि गंमत बघा, याच गुणावर मला गावच्या आपत्ती समितीत घेतलं. मी अंगणवाडीत शिकवते, त्यामुळे फोन करणं, निरोप देणं माझ्या अंगवळणी पडलेलं. पण त्या मीटिंगमध्ये नाव सुचवताना आण्णा काय म्हणाले ते ऐका. आण्णा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. तलावाखालची निम्मी बागायत त्यांची. ते म्हणाले, "मंगलताईला घ्या. तिला उगंच्या उगं भ्या वाटतंय, ती बरूबर फोन करील." सगळे हसले. मीही हसले.

आमचं गाव बीडकडे, चौसाळ्याहून आत, डोंगराच्या अंगाला. गावाच्या खाली पाझर तलाव. तलावाला मातीची पाळू आहे, म्हणजे लांबलचक बांध, आणि तिच्या एका टोकाला सांडवा. तलाव भरला की जादा पाणी त्या सांडव्यावरून ओढ्यात उतरतं. ओढा खाली जातो तिथे, त्याच्या दोन्ही अंगाला एक वस्ती आहे. त्या वस्तीत माझी अश्विनी दिलीय. एकुलती एक. पाळूवर उभं राहिलं की तिच्या घराचा निळा पत्रा दिसतो. लग्न जमवताना मला त्याचंच अप्रूप वाटलं होतं. लेक नजरेसमोर राहील, म्हटलं, आणखी काय पाहिजे आईला.

आम्ही कोरड्या मुलखाची माणसं. टँकर आला की घागर घेऊन पळायचं, हे माझ्या अंगणवाडीतल्या लेकरांनासुद्धा न सांगता येतं. कपिलधारला दर्शनाला जावं तर धबधब्याच्या जागी नुसता ओला दगड बघून परत यावं, अशी कित्येक वर्षं गेली. पाणी नसण्याची भीती आमच्या हाडात मुरलेली आहे. पाण्याचीच भीती मात्र आम्हाला कुणी शिकवली नव्हती आणि आम्हीही ती शिकायच्या भानगडीत पडलो नव्हतो.

म्हणूनच तर ती पोती आली. कोरड्या वर्षांपैकी एका वर्षी अख्ख्या गावाने मिळून खताची रिकामी पोती मुरमाने भरली आणि सांडव्यावर आडवी रचली. पाणी वाहून जाण्याऐवजी तेवढंच जास्त अडावं, एवढा साधा हिशोब. तो दिवस अजून आठवतो. बाया टोपल्या वाहत होत्या, गडी पोती शिवत होते, कुणीतरी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. खालच्या वस्तीतून माझे व्याही ज्ञानोबा माणसं घेऊन आले होते, कारण तलाव भरला की त्यांच्याही विहिरीला पाझर लागायचा. एवढ्या एकोप्याने आमच्या गावाने दुसरं कुठलं काम केल्याचं मला तरी ठाऊक नाही. पुढे त्या पोत्यांवर माती बसली, गवत उगवलं. नवख्या माणसाला तो सांडव्याचाच भाग वाटला असता.

आणि नवखी माणसं आलीच. तालुक्याचे साहेब आले, एका संस्थेच्या मॅडम आल्या. आमचं गाव आणि खालची वस्ती यांना शाळेच्या एका वर्गात बसवून त्यांनी पुराचं सगळं नियोजन केलं. वरच्यांनी पाण्यावर नजर ठेवायची, खालच्यांना फोन करायचा. खालच्यांनी टेकावरच्या शाळेत जायचं. ट्रॅक्टर कुणाचे, दोर कुणाकडे, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, सगळं ठरलं. तलावात एक खांब उभा करून त्यावर पट्टे मारले. पिवळ्याला पाणी टेकलं की वस्तीने निघायचं, लाल पट्ट्याला टेकायच्या आत वस्ती रिकामी झालेली असायला हवी. मॅडम फार जीव तोडून सांगत होत्या. "पाळूच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं तर ते नितळ आहे का गढूळ, ते बघा. नितळ असेल तर पाझर आहे. गढूळ असेल तर पाळूची माती वाहून चाललीय."

आता मला सांगा, पट्टे मारले ते सांडव्याच्या सरकारी उंचीवरून, आणि सांडवा तर आम्हीच कमरेएवढा उंच करून ठेवलेला! वर्गातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. वरच्यांना आणि खालच्यांनाही. पण साहेबांना सांगितलं तर ते पोती काढायला लावणार, आणि पाणी जाणार. सगळे गप्प. मला राहवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, त्या पोत्यांचं काय करायचं?"

"कसली पोती?" साहेबांनी विचारलं.

आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खालीच बसले. "खताची, साहेब," ते हसत म्हणाले. "सोसायटीत खत आलं न्हाई अजून, तेचं इचारत्यात ताई."

साहेबांनी खताचं बघतो म्हणून सांगितलं. घरी येताना ह्यांना म्हटलं, तुम्ही का बोलला नाहीत? तर म्हणाले, "एवढा पावसाळा निघू दे. तलाव यकदा भरला की काढून टाकू. कावून उगं आत्ताच काढायची?" अख्खं गाव हेच म्हणत होतं. भरू दे एकदा, मग काढू.

आणि तो भरला. नवरात्र होतं, घरोघर घट बसले होते. पावसाने उसंतच घेतली नव्हती; सोयाबीन रानात काळं पडायला लागलं होतं. पण तलाव भरला म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू! सकाळीच दवंडी दिल्यासारखी बातमी फिरली आणि सगळं गाव पाण्याची ओटी भरायला पाळूवर जमलं. बाया नवी लुगडी नेसून, खण-नारळ घेऊन. हलगी वाजत होती. पिवळा पट्टा कधीच बुडाला होता, पण पोत्यांमुळे तो तसाही आधीच बुडणार हे सगळ्यांनी धरलेलं, त्यामुळे कुणी तिकडे बघतच नव्हतं. मी मात्र बघत होते. लाल पट्ट्यावरून लाटा जात होत्या. तो दिसायचा, परत जायचा. माझ्या हातातला नारळ घामाने निसटायला लागला.

मी घाबरले की मला गर्दीत उभं राहवत नाही. म्हणून मी पाळूच्या मागच्या उताराने खाली गेले. तिथे एका बोरीच्या बुडाशी पाणी निघत होतं. करंगळीएवढी धार. मी ओंजळ धरली. माझ्या हातात चहा ओतल्यासारखं पाणी आलं.

पुढचं मी कसं केलं ते मलाच नीट आठवत नाही. मी ओरडले असणार, कारण हलगी थांबली. हे खाली आले, त्यांनी धारेत हात घातला, तो आत गेला. मनगटापर्यंत गेला. त्यांनी तो बाहेर काढला आणि आण्णांकडे बघून एवढंच म्हणाले, "आण्णा, पोकळ हाय." आण्णा हातात पूजेचं ताट घेऊन वर उभे होते. मला वाटलं, आता परत खताचं काहीतरी काढतात. पण त्यांनी ते ताट तसंच खाली ठेवलं, धोतर खोचलं आणि पहिले तेच सांडव्याकडे पळाले. तेवढ्यासाठी मी त्यांना पुष्कळ माफ केलंय.

पोती काढली की तलाव उतरणार, पाळूवरचा भार कमी होणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण ती काढल्याबरोबर अडवून धरलेलं सगळं जादा पाणी एकदम ओढ्यात जाणार होतं, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगाला वस्ती. नाही काढली तर पाळू फुटणार, आणि मग अख्खा तलावच वस्तीवर. म्हणजे आधी वस्ती रिकामी व्हायला पाहिजे, आणि तीही लवकर. गडी पोत्यांना हात लावून उभे राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण फोन माझ्याकडे.

मी ज्ञानोबांना फोन लावला. मीटिंगमध्ये ठरलेलं वाक्य पाठ होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. "व्याहीबुवा, पळा. पळा हो!"

"काय झालं, ईनबाई?"

"पाळू फुटंल. आधी वस्ती खाली करा, मग आमी पोती काढतो. माझ्या लेकीला घ्या."

"घेतो. सगळ्यास्नी घेतो. ठिवा फोन."

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला निघतात, त्यामुळे नवरात्रात घरोघर बोचकी बांधून तयार असतात. मॅडमनी शिकवताना सांगितलं होतं, आपत्तीसाठी प्रत्येक घरात एक पिशवी भरून ठेवा, कागद, औषधं, कपडे. तेव्हा वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. एक म्हणाली होती, "म्याडम, आमचं तर घरच सा महिने पिशवीत ऱ्हातंय." ते त्या सकाळी कामाला आलं. ट्रॅक्टर-ट्रॉल्या दारात उभ्याच होत्या. म्हातारं कुठे बसवायचं, शेळी कुठे बांधायची, तवा कुणी धरायचा, लेकरू कुणाच्या मांडीवर द्यायचं, काही सांगावं लागलं नाही. दरवर्षी ती माणसं पोटासाठी असाच संसार उचलतात. त्या दिवशी जिवासाठी उचलला.

पाळूवरून मला ट्रॅक्टर हलताना दिसत होते, माणसं नुसती ठिपक्यासारखी. निळ्या पत्र्यासमोर कुणी आहे का नाही, काही कळत नव्हतं. अश्विनीला फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला. ज्ञानोबांचं घर ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, जावई ट्रॅक्टरचं काम करायला बीडला गेलेला, घरात ती आणि तिची तान्ही गौरी. बोरीच्या बुडाची धार आता मनगटाएवढी झाली होती. मला रडू येत होतं आणि रडायलाही भीती वाटत होती, मी रडले असते तर गड्यांचे हात गळाले असते.

मग ज्ञानोबांचा फोन आला. "ईनबाई, निघाली वस्ती. काढा पोती."

"अश्विनी?"

"घराला कडी हाय तिच्या. निघाली आसंल की."

"आसंल म्हंजे? तुमी बघितली का डोळ्यानं?"

फोन गेला होता. टॉवरच गेला, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की हातात मुकं डबडं आहे आणि सांडव्यावरून सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय. त्यात हे होते. अश्विनीचा बाप. त्यांनी पोत्याचा कान धरला होता. कडी तर ती विहिरीवर गेली तरी लावते. कडी तर ती गौरीला घेऊन शेजारी गेली तरी लावते. पण ज्ञानोबा निघाली म्हणाले होते, आणि आम्ही सगळ्यांनी त्या वर्गात बसून ठरवलं होतं की खालच्याने सांगितलेलं वरच्याने खरं धरायचं. ठरवताना कुणाला ठाऊक होतं, त्या धरण्यात एवढं काय काय येतं.

"काढा," मी म्हणाले.

पाणी सुटल्याचा आवाज मी सांगणार नाही, मला तो सांगता येत नाही. मी पाळूवर खाली बसले. निळा पत्रा आधी दिसत होता, मग त्याच्या भोवती तपकिरी पाणी दिसलं, मग नुसता पत्रा. हे माझ्याजवळ येऊन बसले. पाळू टिकली. धार बारीक झाली, लोक देवीचं नाव घ्यायला लागले, आण्णा तिथेच चिखलात बसून रडले. मला त्यातलं काहीच नको होतं. मी डोंगराच्या वाटेने टेकावरच्या शाळेकडे पळत सुटले, पायात चप्पल नाही, नवं लुगडं चिखलाने जड झालेलं.

अश्विनी शाळेच्या ओट्यावर गौरीला पाजत बसली होती. मला बघून म्हणाली, "आई, काय गं ही दशा?" मी तिच्या पाठीत एक धपका घातला आणि मग मिठी मारली. "फोन कावून उचलला न्हाईस?" तर म्हणे, फोन राहिला घरी चार्जिंगला. "मी तुझीच लेक हाय. आरडाओरडा ऐकला अन् पयल्याच ट्रॅक्टरला जाऊन बसले." तेव्हा मात्र मी मोठ्याने रडले. भित्रेपणा वारशाने जातो, याचा मला एवढा आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

वस्तीची घरं खिडकीपर्यंत चिखलाने भरली. माणूस एकही गेलं नाही. पण संध्याकाळी कळलं की सोनाबाई नावाच्या एका ठार बहिऱ्या म्हातारीला कुणी बोलवायला गेलंच नव्हतं. ती पहाटेच वरच्या रानात शेंगा तोडायला गेली होती, म्हणून वाचली. ज्ञानोबांनी आम्हाला फोन केला तो रस्त्यावरून, ट्रॉलीत बसून, बंद घरं बघून. त्यांना मी काही बोलले नाही. ते बिचारे स्वतःच पुन्हा पुन्हा कपाळाला हात लावत होते.

त्यानंतर पाळू नीट झाली, साहेबांना पोत्यांचं सगळं सांगून झालं, पट्टे नव्याने मारले. आणि दोन्ही गावांची परत मीटिंग झाली तेव्हा मी आण्णांकडे न बघता उभी राहिले. म्हटलं, एक नियम करा. वस्ती रिकामी झाल्याचा निरोप त्यानेच द्यायचा, जो घरोघर फिरून, डोळ्यांनी बघून, सगळ्यांत शेवटी निघेल. आसंल-बिसंल चालणार नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मॅडम तर म्हणाल्या, ही फार शहाणपणाची सूचना आहे. त्या दिवशी मी घरी पोटभर जेवले.

यंदाही नवरात्र तोंडावर आलंय. वस्तीत बोचकी बांधायला सुरुवात झालीय. आज सकाळी पावसाने जो जोर धरला, तो दुपारपर्यंत हललाच नाही. सांडवा आता मोकळा आहे, पाणी धो धो उतरतंय, पण वरून येणारं त्याहून जास्त. पिवळ्या पट्ट्याला पाणी टेकलेलं बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली. ज्ञानोबांना फोन लावला.

"ईनबाई, आता माझे गुडघे गेले. मला घरोघर फिराय जमंना," ते म्हणाले. "परवा वस्तीची येगळी मीटिंग झाली, तवा अश्विनीला नेमलंय. तिला लावा."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिनेही नाही. का सांगितलं नाही ते मला कळत होतं. फोन लावला, तिने पहिल्या घंटीला उचलला.

"बोल आई. कुठल्या पट्ट्याला हाय?"

"पिवळ्याला. तू गौरीला घे अन् निघ."

"गौरीला पयल्या ट्रॅक्टरनं धाडते. मी समद्यास्नी काढून येते."

"अगं, दुसऱ्या कुणाला सांग की! तुला भ्या वाटतंय, मला म्हाईत हाय."

"लई वाटतंय," ती म्हणाली. "पर नियम तुझाच हाय ना आई." आणि तिने फोन ठेवला.

मी पाळूवर छत्री न उघडता उभी राहिले. हे शेजारी होते. पाणी पिवळ्याच्या वर चढत होतं आणि खाली निळ्या पत्र्याभोवती एक बारीक माणूस या दारातून त्या दारात जाताना दिसत होतं. सोनाबाईच्या झोपडीशी ते बराच वेळ थांबलं. मी काय काय नवस बोलले ते आता आठवत नाही. शेवटी फोन वाजला.

"वस्ती रिकामी," अश्विनी धापा टाकत म्हणाली. "शेवटची मी. निघाले."

ती पोचली. पाणी लाल पट्ट्याला न टेकताच उतरायला लागलं. मघाशी परत फोन झाला, शाळेत खिचडी शिजतेय म्हणाली, गौरी खेळतेय म्हणाली. ह्यांनी मला ताट वाढून दिलं आणि मी ते समोर घेऊन बसलेय. वस्तीतल्या प्रत्येक माणसाच्या मागे आज माझी लेक बघत होती. तिच्या मागे बघायला कुणी नव्हतं. मीटिंगमध्ये जाऊन म्हणावं वाटतंय, तिला काढा, दुसऱ्या कुणाला तरी नेमा. आण्णा ऐकतीलही. पण तिथे बसलेल्या बायांपैकी एखादी उठून विचारेल, मंगलताई, मग शेवटी कुणाच्या लेकीनं निघायचं?